जमिनीचा मोबदला हातात आला, आता काय करायचं?

२०१७ साली आमच्या सिन्नर तालुक्यातल्या माहेरच्या शेतातून समृद्धी महामार्गाची आखणी गेली. दहा जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा रस्ता, आणि त्यात आमचे दोन एकर. खरेदीखत झालं. काही दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी वडिलांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि फोन माझ्या हातात देत म्हणाले, "किती शून्यं आहेत गं, मोज बरं." आईने फोनकडे बघितलंही नाही. तिने एवढंच विचारलं, "बांधावरचा आंबापण गेला ना त्यात?"

घरात आनंद आणि सुतक एकाच वेळी होतं. एवढी रक्कम त्या घराने कधी पाहिली नव्हती आणि ती कशी सांभाळायची हे शिकवायला कोणी नव्हतं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांत कुणाला मोबदला आला की मी त्यांच्याबरोबर बँकेत, पोस्टात, प्रांत कार्यालयात जाते. तिथे जे शिकले ते पहिल्यांदाच या वाटेवर आलेल्यांसाठी इथे क्रमाने लिहिते आहे. रस्ता, धरण, रेल्वे, एमआयडीसी, जमीन कशातही गेली असली तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. हा पैसा म्हणजे कमाई नाही, ती तुमची जमीनच आहे, फक्त रूप बदललंय. जमीन दर वर्षी काहीतरी देत होती, म्हणून पैशानेही दर वर्षी काहीतरी दिलं पाहिजे. जमीन पुढच्या पिढीकडे जाणार होती, म्हणून पैशाचाही मोठा भाग तिकडे पोचला पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी यावरूनच ठरते.

पहिली पायरी: पैसे यायच्या आधी हिस्से लिहून काढा

सगळ्यात जास्त घरं इथे मोडतात, म्हणून यावर जरा जास्तच बोलते.

सातबारा काढा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा आणि फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, वाचा. बऱ्याच घरांत आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात, पण वारस नोंद अर्धवट असते. एखाद्या काकांचं नाव राहिलेलं असतं, आत्यांची नावं तर कुणाच्या लक्षातही नसतात. आखणीची नुसती कुणकुण लागली तरी ही नोंद पुरी करून घ्या. हिश्शाबद्दल वाद आहे असं दिसलं तर भूसंपादन अधिकारी ती रक्कम कुणालाच न देता भूसंपादनाचे वाद सोडवणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा करू शकतात. मग जमीनही गेलेली आणि पैसाही अडकलेला, अशी वर्षं काढावी लागतात. शेजारच्या एका गावात दोन भावांचं असंच झालं. भांडण होतं बारा गुंठ्यांचं, अडकली सगळी रक्कम.

आता बहिणींचं. मी स्वतः बहीण आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत अशी अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. साडीचोळी करून, लग्नात खर्च केला म्हणून, "ती तिच्या घरी सुखात आहे" म्हणून हा हक्क संपत नाही. बहिणीला मनापासून सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. पण त्याआधी एकूण रक्कम किती आणि तिच्या वाट्याला किती येते हे तिला आकड्यात सांगा. गाडीत बसवून थेट दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन "इथे सही कर" म्हणणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर ती बहीण राखी पौर्णिमेला आली नाही.

आमच्याकडे धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, आधी तुझा हिस्सा लिही, मग आमचे." वडिलांनी जुन्या दैनंदिनीच्या मागच्या पानावर उभ्या रेघा मारल्या, प्रत्येकाच्या नावाखाली आकडा लिहिला आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या. कायद्याच्या दृष्टीने त्या पानाला फार किंमत नसेल, पण नंतर एकदाही कुणाचा आवाज चढला नाही. तुम्हीही असं पान करा, आणि मग वकिलाकडून रीतसर वाटणीपत्र करून घ्या.

दुसरी पायरी: रक्कम बरोबर आहे का ते तपासा

आमची थेट खरेदी होती, रेडीरेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरपत्रकाच्या, पाचपट दराने. तुमचं संपादन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली, निवाड्याने (मोबदला ठरवणाऱ्या भूसंपादन अधिकाऱ्याच्या आदेशाने) होत असेल तर त्यात बाजारभाव, ग्रामीण भागात त्या भावाला ज्याने गुणतात तो गुणक आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम असा हिशोब असतो. झाडं, विहीर, पाइपलाइन, घर, गोठा यांचं मूल्यांकन वेगळं होतं. म्हणून संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातलं कुणीतरी शेतात हजर असायलाच हवं, आणि मोजणीच्या कागदाची प्रत घ्या. आमचा आंबा त्या कागदात होता, म्हणून त्याचे पैसे आले. शेजाऱ्यांची जमिनीखालची पाइपलाइन कुणी दाखवलीच नाही, ती राहून गेली.

निवाड्याची रक्कम कमी वाटत असेल तर पैसे नाकारू नका. "हरकत राखून स्वीकारत आहे" असं लेखी देऊन घ्या. या कायद्यात हरकत न नोंदवता रक्कम उचलली तर नंतर वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. अर्जाला मुदतही कमी असते, निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर फक्त सहा आठवडे. राष्ट्रीय महामार्गासाठी संपादन असेल तर दाद लवादाकडे मागायची असते. हे काम त्याच विषयातल्या वकिलाला द्या.

प्रकल्पग्रस्त दाखला, म्हणजे प्रकल्पात जमीन गेल्याचं प्रमाणपत्र, तुमच्या प्रकल्पाला लागू होतो का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेत विचारा. क आणि ड गटाच्या शासकीय भरतीत प्रकल्पग्रस्तांना समांतर आरक्षण आहे. घरात शिकलेलं पोर असेल तर तो कागद रोख रकमेपेक्षा मोलाचा ठरू शकतो.

तिसरी पायरी: नव्वद दिवस पैशाला हात लावू नका

पैसे आले की पहिले तीन महिने काहीही खरेदी करायचं नाही, असं ठरवा. तारीख कॅलेंडरवर लिहा आणि सगळ्यांना दिसेल तिथे लावा. रक्कम नव्वद दिवसांच्या मुदत ठेवीत टाका. ज्या खात्याला एटीएम कार्ड आणि फोनवरचं यूपीआय जोडलेलं आहे, त्या खात्यात ती ठेवू नका. मेसेज आल्यापासून फोन यायला लागतात, त्यातले काही चोरांचे असतात. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी.

ठेव कुठे ठेवायची? बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच संरक्षण आहे. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ही मर्यादा एक लाख होती. हा विमा सहकारी बँकांनाही लागू आहे. पण एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवलं तरी ते एकच धरतात, त्यामुळे वाटायचं असेल तर वेगवेगळ्या बँकांत वाटा. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. गावातली पतसंस्था ओळखीची असते, चेअरमन आपल्या भावकीतले असतात, व्याज एखाद-दोन टक्के जास्त असतं. तरीही मोबदल्याची रक्कम तिथे ठेवू नका. ज्यांची ठेव अशा ठिकाणी अडकली त्यांना मी लेकीच्या लग्नासाठी स्वतःचेच पैसे मागत हेलपाटे घालताना पाहिलंय.

या नव्वद दिवसांत दारात कोण कोण येतं ते आधीच सांगते, म्हणजे गडबडून जाणार नाही. गाड्यांच्या शोरूमचा माणूस येतो. जमिनीचा दलाल येतो आणि "उद्या दुसरी पार्टी येतेय" म्हणतो. बँकेतलेच कुणी "एफडीसारखंच आहे" म्हणून विमा पॉलिसी पुढे करतात. तेव्हा एकच विचारा, "हप्ता एकदाच भरायचा की दर वर्षी?" दर वर्षी असेल तर ती एफडी नाही. चुकून सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते.

मग येतो दामदुप्पटवाला. त्याच्यासाठी एक आकडा लक्षात ठेवा. साडेसात टक्के दराने किसान विकास पत्रात पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडे जास्त. सरकारला एवढा वेळ लागतो, तर तीन वर्षांत दुप्पट करणारा माणूस ते कुठून आणणार आहे, हे त्यालाच विचारा.

नातेवाइकांचं दुखणं वेगळं. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलाचं ॲडमिशन. नाही म्हणणं जड जातं. आईने एक वाक्य धरून ठेवलं होतं: "पैसे मुदतीत अडकलेत हो, व्याज आलं की जमेल तेवढं देते." त्यात खोटं काही नव्हतं. दिलं ते तिने परत न येण्याच्या हिशोबाने दिलं आणि दैनंदिनीत लिहूनही ठेवलं.

चौथी पायरी: कर्ज फेडा, पण क्रमाने

सगळ्यात आधी सावकाराचं आणि हातउसनं. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला छत्तीस. असं व्याज देणारी कुठलीही ठेव जगात नाही, त्यामुळे हे फेडणं हीच सगळ्यात मोठी गुंतवणूक. मग मायक्रोफायनान्स, मग सोनेतारण, मग ट्रॅक्टरचं कर्ज. सोसायटीच्या पीक कर्जाची घाई नको. राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज सवलतींमुळे ते शून्य टक्क्याने पडतं. फक्त मुदत चुकवू नका. आणि गेलेल्या जमिनीवरच त्या कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवावाच लागेल. कर्ज फेडलं की बँकेचा ना-हरकत दाखला घ्या आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार बघितल्याशिवाय थांबू नका.

पाचवी पायरी: कागदावर वाटे पाडा

समजा सगळे हिस्से होऊन तुमच्याकडे चाळीस लाख राहिले. मी असा कागद करते:

कर्जफेड: साडेतीन लाख
अडीनडीसाठी, कधीही काढता येतील असे: अडीच लाख
दुसरी जमीन, मुद्रांक आणि नोंदणी धरून: पंधरा लाख
दर महिन्याला व्याज देणारी ठेव: पंधरा लाख
हौस, घर, कार्य: चार लाख

आकडे तुमच्या घराप्रमाणे बदलतील. पण कागद न करता कुणी बंगल्याचा पाया खोदला की पैसा कुठे थांबतो ते मी सांगते: दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर. आमच्या रस्त्याला अशी घरं आहेत. वर लोखंडी गजांचे झुबके आणि खाली दाराला अजून रंग नाही.

दुसऱ्या जमिनीबद्दल. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळत असेल तर माझ्या मते तिला पहिला मान द्या, पण घाई करू नका. रस्ता जाहीर झाला की आजूबाजूचे भाव फुगतात, म्हणून पंधरा-वीस किलोमीटर आत बघा. पाणी उन्हाळ्यात बघा, एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्यात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. किमान तीस वर्षांचे फेरफार आणि वकिलाकडून मालकीचा शोध अहवाल काढा. मोजणी करून हद्दी पक्क्या करा आणि शेतात जायचा रस्ता कागदावर आहे का ते पाहा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. त्यामुळे तुमचा शेवटचा तुकडा संपादनात गेला असेल तर जुना सातबारा, फेरफार आणि निवाड्याची प्रत जिवापाड जपा. उद्या जमीन घेताना तुम्ही शेतकरी होता याचा तोच पुरावा. शहराजवळचे गुंठ्यावर विकले जाणारे प्लॉट मात्र एनए (बिनशेती) आदेश आणि मंजूर रेखांकन पाहिल्याशिवाय घेऊ नका. दलालाच्या मोबाइलवरचा नकाशा म्हणजे मंजुरी नव्हे.

महिन्याच्या उत्पन्नासाठी पोस्टाची मासिक उत्पन्न योजना साधी आणि खात्रीची आहे. एकट्याच्या नावावर नऊ लाख, संयुक्त खात्यात पंधरा लाख ठेवता येतात. ७.४ टक्के दराने पंधरा लाखांवर महिन्याला ९,२५० रुपये येतात, वर्षाला १,११,०००. समजा तुमचे दोन एकर खर्च वजा जाता वर्षाला ऐंशी हजार देत होते, तर तेवढं तरी उभं राहिलं. साठी ओलांडलेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिची मर्यादा तीस लाख आहे आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. या योजनांचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, त्यामुळे पैसे भरण्याच्या दिवशी पोस्टातल्या फलकावर काय लिहिलंय ते बघूनच हिशोब करा. मुदत पाच वर्षांची असते, मधेच मोडली तर मुद्दलातून कापतात. अडीनडीचे अडीच लाख वेगळे ठेवायचे ते यासाठीच.

एक खबरदारी. व्याज सगळं खर्च करत गेलं तर मुद्दल आकड्यात तेवढंच दिसतं, पण आतून झिजतं. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांनी आजच्या शंभर रुपयांत पन्नासाचाच माल येईल. म्हणून दर महिन्याच्या व्याजातले हजार-दोन हजार बाजूला काढा. मुलीच्या नावाने सुकन्या खातं, किंवा पीपीएफ. दहा-बारा वर्षं हात न लावण्याची तयारी असेल तर इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडात, दरमहा थोडे टाका. बाजार पडलेला पाहून ज्यांना झोप येत नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आमचे वडील त्या वाटेला गेले नाहीत, आणि ते त्यांच्यापुरतं बरोबरच होतं.

हौस करा, ती मनापासून करा. एक दशांश भाग आधीच बाजूला काढला की खर्च करताना मन खात नाही. आमच्याकडे त्यातून आईला दोन तोळ्यांच्या पाटल्या झाल्या. चाळीस वर्षं तिने त्या शेतात निंदणी केली होती, तो पहिला मान तिचा होता. गाडीसाठी भाऊ हटून बसला होता. त्याला म्हटलं, व्याजातून हप्ता जमेल तेवढीच गाडी घे. त्याने जुनी पिकअप घेतली, आज ती बाजार समितीत भाजी नेते.

कराबद्दल थोडक्यात. गावाकडच्या शेतजमिनीच्या संपादनाच्या मोबदल्यावर सहसा प्राप्तिकर लागत नाही आणि २०१३ च्या कायद्यातही करमाफीची तरतूद आहे. तरी शहराच्या हद्दीजवळची किंवा बिनशेती जमीन असेल तर निवाडा घेऊन सीएकडे जा. ठेवीवरचं व्याज मात्र करपात्रच असतं. रक्कम मोठी असल्याने विवरणपत्र भरा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर पैसा कुठून आला याचं उत्तर कागदावर असेल.

शेवटची पायरी: एक वही

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक ठेवीचा क्रमांक, बँक, शाखा, रक्कम, मुदत संपण्याची तारीख आणि नामनिर्देशन केलेल्या माणसाचं नाव त्यात लिहा. प्रत्येक खात्याला नामनिर्देशन झालंय का ते पासबुकावर छापून घ्या, नुसतं तोंडी ऐकून येऊ नका. निदान एक मोठी ठेव घरातल्या बाईच्या नावावर, पहिलं नाव तिचं अशी करा. वही कुठे ठेवलीय ते घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.

आमच्याकडे गुढीपाडव्याला पूजा झाली की वही निघते. वडील आकडे वाचतात, धाकटा पासबुकं ताडून बघतो. वाढीव मोबदल्याची केस चालू असेल तर त्यासाठी वहीत एक कोरं पान राखा. ती रक्कम बऱ्याचदा पाच-सात वर्षांनी येते, आणि आली की पहिल्यापासून हेच सगळं पुन्हा करायचं असतं, हिस्से लिहिण्यापासून.